चालण्याचा वेग १२५ कसा येतो?

प्रश्न : मी रोज सकाळी चालून आल्यावर एक्सेलमध्ये ‘ए’ रकान्यात किलोमीटर आणि ‘बी’ रकान्यात लागलेला वेळ लिहितो. अंतराला वेळेने भागले की वेग मिळायला हवा. परंतु दोन दिवशी मी ४.२ किलोमीटर अंतर ४८ मिनिटे १८ सेकंदांतच चाललो, तरी एका ओळीत उत्तर १२५.२२ येते आणि दुसऱ्या ओळीत २.०९. एका किलोमीटरला किती वेळ लागला, हेही मला हवे आहे. काय चुकते आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन उत्तरांत बरोबर ६० पटींचा फरक आहे आणि एका चुकीचा माग त्यातच लागतो. पण आधी १२५.२२ कुठून आले ते पाहू.

एक्सेल वेळ साठवते ती दिवसाचा अंश म्हणून. पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि सकाळचे सहा म्हणजे ०.२५. त्यामुळे कप्प्यात ०:४८:१८ दिसत असले, तरी आत ०.०३३५ च्या आसपासची संख्या असते आणि अंतराला तिने भागल्यावर जे १२५.२२ मिळते, ते ताशी नव्हे तर दिवसाला किती किलोमीटर, याचे उत्तर असते. ताशी वेगासाठी वेळेला आधी २४ ने गुणावे : =ए२/(बी२*२४). (टंकताना अक्षरे रोमन आणि अंक इंग्रजी घ्यावेत.) उत्तर ५.२२ येईल. ते वेळेसारखे दिसू लागले, तर त्या कप्प्याचे स्वरूप ‘नंबर’ करावे.

दुसऱ्या ओळीत आपण वेळ ४८:१८ असा लिहिला असणार. दोनच आकडे दिले की एक्सेल त्यांना तास आणि मिनिटे समजते, म्हणजे आपला पाऊण तासाचा फेरफटका तिथे दोन दिवसांहून लांबला आहे. तो कप्पा निवडून वरच्या फॉर्म्युला पट्टीत पाहिल्यास १९०० सालच्या २ जानेवारीची तारीख दिसेल; चूक ओळखण्याची याहून पक्की खूण नाही. यापुढे आरंभी शून्य तास लिहून ०:४८:१८ अशी नोंद करावी. जुन्या चुकीच्या नोंदी पुन्हा टंकण्याची गरज नाही : एका रिकाम्या कप्प्यात ६० लिहून त्याची प्रत घ्यावी, फक्त चुकीचे कप्पे निवडावेत आणि ‘पेस्ट स्पेशल’मध्ये ‘व्हॅल्यूज’ व ‘डिव्हाइड’ हे दोन्ही पर्याय घ्यावेत.

किलोमीटरमागे लागणारा वेळ, ज्याला धावणारे ‘पेस’ म्हणतात, त्याहून सोपा आहे. तिथे २४ चा गुणाकार लागत नाही; =बी२/ए२ एवढे पुरते आणि कप्प्याला मिनिटे-सेकंदांचे स्वरूप दिले की ११:३० दिसते. ही संख्या दशांशात मांडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ११.५ मिनिटे म्हणजे साडेअकरा मिनिटे असताना घाईत ती ११ मिनिटे ५० सेकंद अशी वाचली जातात.

सरासरी काढताना मात्र रोजच्या वेगांची सरासरी घेऊ नये. समजा, एके दिवशी आपण ६ किलोमीटर एका तासात आणि दुसऱ्या दिवशी २ किलोमीटर अर्ध्या तासात चाललात. वेगांची सरासरी ५ येते आणि पेसची १२:३०, म्हणजे ताशी ४.८, दोन्हींचा आपसातही मेळ बसत नाही. खरा वेग एकूण ८ किलोमीटरला एकूण दीड तासाने भागून मिळतो : ताशी ५.३३, पेस ११:१५.

महिन्याच्या एकूण वेळेच्या कप्प्याला ‘कस्टम’ स्वरूप देताना तासांचे ‘एच’ हे अक्षर चौकोनी कंसात घालावे. कंस नसेल, तर चोवीस तास पूर्ण होताच ते दिसेनासे होतात : रोज ४८ मिनिटे १८ सेकंद असे ३० दिवस चालल्यावर २४ तास ९ मिनिटे होतात आणि कप्पा मात्र फक्त ९ मिनिटे दाखवतो.