स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं, तर

प्रश्न : बरगडीला मार लागला म्हणून सीटी स्कॅन केला. बरगडी ठीक आहे, पण फुप्फुसात ४ मिलिमीटरची गाठ दिसली. 'पुन्हा तपासायची गरज नाही,' असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही.

डॉक्टरांचा निर्णय बहुधा योग्यच आहे. त्यामागचं कारण सांगायचं मात्र राहून गेलं, आणि मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडाली. इतक्या बारीक गाठी सीटीमध्ये सर्रास दिसतात. बहुतेक गाठी म्हणजे जुन्या संसर्गाचे व्रण किंवा छोट्या लसिकाग्रंथी असतात. छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७च्या सूचनांनुसार कमी जोखमीच्या प्रौढांमध्ये ६ मिलिमीटरहून लहान घन गाठीसाठी पुन्हा स्कॅन लागत नाही. धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तर हिशेब बदलतो. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत आहे ना, याची खात्री करा.

घालमेलीचं म्हणाल, तर ती खरी आहे आणि सहसा ओसरते. फुप्फुसांच्या कर्करोगासाठी झालेल्या 'नेल्सन' या तपासणी-अभ्यासात अनिश्चित निकाल मिळालेल्यांची अस्वस्थता आधी वाढली, पण दोन वर्षांनी ती इतरांइतकीच होती. रोज रात्री इंटरनेटवर गाठींबद्दल वाचणं मात्र आजपासून थांबवा. काही आठवड्यांनीही झोप आली नाही, कामात लक्ष लागलं नाही, तर त्या चिंतेवरच उपचार घ्या. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : पाठदुखीसाठी एमआरआय केला. 'चकत्या झिजल्या, फुगवटा आहे' असं रिपोर्टमध्ये आहे. आता वाकायचीही भीती वाटते.

दुखणं नसलेल्या ३,११० जणांच्या स्कॅनचा आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत दिसली. केस पिकावेत तशीच ही झीज. २००८च्या एका अभ्यासात पाठदुखीच्या काही रुग्णांना एमआरआयचा निकाल सांगितला, काहींना सांगितला नाही. निकाल माहीत असलेल्यांचं दुखणं काही लवकर बरं झालं नाही. उलट आपली एकूण तब्येत सुधारली असं न कळलेल्यांनीच जास्त सांगितलं. भीतीने हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात आणि दुखणं रेंगाळतं. हळूहळू वाका, चाला. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तातडीने डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वडिलांच्या मूत्रपिंडात साधं सिस्ट निघालं. त्यांना सांगावं का?

सांगा. साधं, पाण्याने भरलेलं सिस्ट वयाबरोबर अनेकांना होतं आणि बहुधा त्याचं काही करावं लागत नाही. घरातली कुजबुज त्यांच्या कानावर जाईलच, आणि मग ते याहून वाईट काहीतरी गृहीत धरतील.

प्रश्न : मला कसलाही त्रास नाही. मनाच्या शांतीसाठी संपूर्ण शरीराचा स्कॅन करू का?

मी तरी सुचवणार नाही. रॉटरडॅममध्ये २,००० सामान्य लोकांच्या मेंदूचा एमआरआय केला, तेव्हा १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीचा फुगा आणि १.६ टक्के लोकांत सौम्य गाठ दिसली. हा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. असं काही सापडलं की ते ठाऊक नसल्यासारखं जगता येत नाही आणि शस्त्रक्रियेचीही जोखीम असते. तरीही करायचाच असेल, तर काय दिसलं तर काय करायचं आणि काय कळून घ्यायचं नाही, हे स्कॅनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.