‘हळूहळू’ म्हणजे नेमकं किती, बाई?

या वेळी पायाच्या दुखण्यांवरची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राने जवळजवळ सगळी जागा खाल्ली, पण ते पत्र आहेच तसं.

प्रश्न : बाई, मी ४१ वर्षांची, बँकेत नोकरी करते. तीन वर्षं पळते आहे; आठवड्याला चाळीस किलोमीटर, किलोमीटरला सात मिनिटं. ऑगस्टमध्ये डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आणखी दोन आठवडे पळाले. मग एमआरआय केला, त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं. नऊ आठवडे पळणं बंद होतं. आता चालताना काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘हळूहळू सुरू करा.’ फिजिओ म्हणाली, ‘हळूहळू.’ बुटांच्या दुकानातला मुलगासुद्धा तेच म्हणाला. हळूहळू म्हणजे किती, ते मात्र कुणी सांगत नाही. जानेवारीत मुंबईला २१ किलोमीटरच्या शर्यतीला नाव नोंदवलंय. वर्षभरात सात किलो वजन उतरवलं आहे, त्याचा फायदाच होईल ना? पाळी चार महिने पुढेमागे होते आहे, पण ते वयामुळे असावं.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दुकानातल्या मुलापाशी आले आणि हसू आलं. पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात आणि वाढपी पातेलं घेऊन डोक्यावर उभाच असतो, तसं हे ‘हळूहळू’ आहे. आपण आकड्यांत बोलू.

तुमच्या वेगाने २१.१ किलोमीटरला साधारण १४८ मिनिटं लागतील. मिनिटाला १७० पावलं धरली तर पंचवीस हजार पावलं होतात. त्यातली निम्मी, म्हणजे साडेबारा हजार, एकट्या डाव्या पायाची. आणि मी तुम्हाला पहिल्या दिवशी पळायला सांगणार आहे एकूण सहा मिनिटं, म्हणजे डाव्या पायाची पाचशे पावलं. पाचशेपासून साडेबारा हजारांपर्यंत जायचं आहे. आता जानेवारीतला रविवार मोजा. तुमचं पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं, म्हणजे हातात जेमतेम अकरा आठवडे. त्यातले पाच-सहा नुसते सलग अर्धा तास पळण्यापर्यंत पोचायलाच जातील. तेव्हा या वर्षीची मुंबई सोडा. पैसे गेले म्हणून वाईट वाटेल, वाटू द्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नाशिकच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं खेळाच्या तासाला शिटी फुंकली, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्याही नडगीत हीच चीर निघाली. माझाही पहिला एक्स-रे साफ होता. बघणारे गृहस्थ म्हणाले, ‘काही नाही, स्नायू आहे, पळा.’ मी पळाले. पहिल्या काही आठवड्यांत ही चीर एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं. तुमचंही तेच झालं, त्यात तुमची चूक नाही. या दुखण्याची पहिली नोंद १८५५ ची आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले पाय पाहून ती केली. तेव्हा एक्स-रे नव्हताच. सैनिक, नाचणारे आणि आपण पळणारे, एकाच रांगेतले रोगी. देवळालीच्या लष्करी भागात राहणाऱ्या कुणाला विचारा, कवायतीने होणाऱ्या या चिरेचं ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव घरात ऐकलेलं सापडेल.

हाडात काय होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढची सगळी बंधनं जाचक वाटणार नाहीत. हाड सतत स्वतःची दुरुस्ती करत असतं. ताण वाढला की जुना भाग आधी खोदून काढतं आणि मग नवा भरतं. खोदायला दोन-चार आठवडे, भरायला तीन-चार महिने. आपल्या गल्लीतला रस्ता आठवा. पाइपलाइनसाठी दोन दिवसांत उकरला जातो, वर माती लोटली जाते आणि डांबर पडतं पुढच्या हंगामात. मधल्या काळात रस्ता वरून सपाट दिसतो. स्कूटर जाते. ट्रक गेला की खचतो. तुमची नडगी सध्या माती लोटलेल्या रस्त्यासारखी आहे. चालणं म्हणजे स्कूटर.

आणि इथेच खरी फसगत होते, कारण शरीराचे सगळे भाग एका वेगाने परत येत नाहीत. पळणं थांबलं की रक्तातलं पाणी काही दिवसांत कमी होतं, म्हणून पहिल्या दिवशी धाप लागते, जीव नकोसा होतो. पण ते दोन-तीन आठवड्यांत भरून निघतं. दम परत येतो, पाय हलके वाटतात, आणि हाड अजून अर्ध्यावरच असतं. माझा घात तिसऱ्या आठवड्यात झाला. डिसेंबरची सकाळ, गंगापूर रोडवर धुकं. ठरलं होतं वीस मिनिटं, चालत-पळत. इतकं छान वाटलं की घड्याळ बघायचं सोडलं आणि थेट सोमेश्वरला जाऊन आले. त्या रात्री अंथरुणात नडगी ठणकायला लागली तेव्हा समजलं. पुन्हा दोन महिने. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला सांगते, दुखतंय त्या आठवड्यापेक्षा बरं वाटायला लागलेल्या आठवड्यात जास्त जपा.

आता करायचं काय. आधी स्वतःची परीक्षा घ्या. खुर्चीवर बसून डावा पाय उजव्या गुडघ्यावर ठेवा आणि अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर बोटाबोटाने दाबत या. स्ट्रेस फ्रॅक्चरचं दुखणं एका जागी असतं, रुपयाच्या नाण्याएवढं. वीतभर लांब, पसरट दुखत असेल तर ते बहुधा दुसरं काही, ज्याला पळणारे शिन स्प्लिंट म्हणतात. नाण्याएवढी जागा दाबल्यावर अजून ‘आई गं’ होत असेल, तर पळायचं नाही. होत नसेल तर आठवडाभर रोज पाऊण तास भरभर चाला. चालताना, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालं नाही, तर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, वीस वेळा. आणि शेवटी लंगडी घाला. हो, लंगडीच. डाव्या पायावर दहा उड्या, गच्चीवर, कुणी बघत नसताना. उडी मारताना मन आपोआप कचरतं का, तेही बघा. मन कचरत असेल तर आठवडाभर थांबा. ते कधीकधी हाडाआधी बोलतं.

लंगडी जमली की एक दिवसाआड अर्धा तास. चार मिनिटं चाला, एक मिनिट पळा, असं सहा वेळा. ही तुमची पाचशे पावलं. आठवडाभर, म्हणजे निदान तीन वेळा, हेच करा. पुढच्या आठवड्यात तीन मिनिटं चाला, दोन पळा. मग दोन आणि तीन, मग एक आणि चार, मग सलग. कुठल्याही दिवशी ती नाण्याएवढी जागा बोलली तर तिथेच थांबा, चालत घरी या, आणि दुखणं गेल्यावर एक पायरी खाली उतरून सुरू करा. तिथे ‘थोडंसंच दुखतंय’ चालत नाही. हाडाच्या बाबतीत शून्य म्हणजे शून्य. पळण्याआधी दुखण्याची गोळी अजिबात नको. सांगणाऱ्याचं तोंड बांधून ठेवल्यासारखं होतं ते.

सलग अर्धा तास जमला की आधी अंतर वाढवा, मग वेग, सगळ्यात शेवटी चढ-उतार. एका आठवड्यात एकच गोष्ट. आठवड्याला दहा टक्के हा जो आकडा सगळे सांगतात तो अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे. पण हावरटपणाला लगाम म्हणून वाईट नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या एवढ्यात नकोत. चढताना दम लागतो म्हणून व्यायाम चढण्यात आहे असं वाटतं, नडगी मार खाते उतरताना.

आणखी एक सोपी युक्ती. पळताना तीस सेकंदांत डावा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. १६० भरत असेल तर त्याच वेगात पावलं लहान करून १६८ करून बघा. प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो. मोजायला घड्याळ पुरतं, महागडं काही घ्यायला नको. मधल्या दिवशी सायकल चालवा, किंवा पोहण्याच्या तलावात कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात पळा. बघणारे हसतात. मीही हसायचे.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. वर्षात सात किलो उतरलं, पाळी चार महिने अनियमित, आणि हाडाला चीर. ही तीन वेगळी दुखणी नसून एकच असण्याची शक्यता बरीच आहे. खाणं पळण्याला पुरत नसलं की शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री पाळीला आणि हाडांना लावतं. वय असेलही, पण ते तपासणीनंतर म्हणायचं. पळायला लागायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एमआरआयचा रिपोर्ट बरोबर न्या, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. पहाटे उपाशीपोटी पळणं सध्या बंद. निदान एक केळं खाऊन निघा. कॅल्शियम दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात तीनशेच्या जवळपास. भाकरी खा, आणि मुख्य म्हणजे पोटभर खा. सात किलोंचं कौतुक आत्ता मी तरी करणार नाही.

प्रश्न : वय ६२, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर आखडते, दहा पावलं लंगडत चालतो, मग मोकळी होते. पाच महिने विश्रांती घेतली, तरी तेच. अजून किती विश्रांती घेऊ?
— एक वाचक, जेलरोड

उत्तर : काका, विश्रांती पुरे झाली. वरच्या ताईंना मी शून्य दुखणं सांगितलं, तुम्हाला उलट सांगते. तुमची शीर म्हणजे अकिलिस टेंडन. ती नुसती विश्रांती घेऊन बरी होत नाही, तिला काम द्यावं लागतं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तरी चालेल. मोजायचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. आखडणं रोजच्याइतकंच असेल तर काल केलं ते बरोबर, वाढलं असेल तर कालचं जास्त झालं.

स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन हे हाडांचे डॉक्टर स्वतः याच दुखण्याने बेजार होते. गोष्ट अशी सांगतात की वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात, म्हणून शीर एकदाची तुटावी या इराद्याने त्यांनी तिच्यावर जोरात भार टाकायला सुरुवात केली, आणि दुखणंच गेलं. १९९८ मध्ये त्यांनी त्याची पद्धत मांडली : पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, एकट्या दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचं. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. तुम्ही एका वेळेपासून सुरू करा, कठड्याला हात धरून. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, जमिनीवरच करा.

एक विचारायचं राहिलं. एवढ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या प्रतिजैविकांनी शीर तुटण्याचा धोका वाढतो, साठीनंतर जास्तच. घेतलं असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना सांगा. आणि पोटरीवर मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणी नाही, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणी पळत, असं वाचलं. घोट्याच्या दुखापतीनंतर मी पुन्हा सुरू करतोय. बूट न घालता पळालो तर पाय मजबूत होईल ना?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. त्यांचे पाय लहानपणापासून डोंगरवाटांवर घडले. तुमचे पाय शाळेपासून बुटात आहेत. एकदम बूट काढून डांबरावर पळालात तर घोटा राहील बाजूला, चवड्याचं हाड चिरेल, आणि मग वरचं पहिलं पत्र तुमच्या नावाने येईल. घरात फरशीवर अनवाणी वावरा, दात घासताना एका पायावर उभे राहा, जमलं की डोळे मिटून. तीन महिने तेवढंच, पळताना बूट. तुम्ही वय लिहिलेलं नाही आणि घोटा कधी मुरगळला तेही नाही. पुढच्या पत्रात लिहा.