वाचकांचे प्रश्न : परदेशी निघालेल्या रायफलचा विमा

प्रश्न : माझी नक्षीकाम केलेली दुनळी रायफल मी पहिल्यांदाच परदेशी शिकारीला नेतो आहे. घरातल्या सामानाचा विमा आहे आणि प्रवास विमाही काढतो आहे. एवढं पुरेल का?

उत्तर : बहुधा पुरणार नाही. घराच्या पॉलिसीत दागिने आणि रोकड यांच्याप्रमाणे बंदुकांनाही अनेकदा वेगळी, कमी मर्यादा असते. वस्तू घराबाहेर, त्यातही देशाबाहेर गेली की ती मर्यादा आणखी खाली येऊ शकते. प्रवास विम्यात एका वस्तूमागे मिळणारी रक्कम छोटी असते आणि कित्येक पॉलिसींमध्ये बंदुका सरळ वगळलेल्याच असतात. तुम्हाला हवी ती ‘सर्व जोखीम’ प्रकारची पॉलिसी. तिच्या परिशिष्टात तुमची रायफल बनावट, कॅलिबर आणि अनुक्रमांकासह स्वतंत्र ओळीत लिहिलेली असली पाहिजे.

पॉलिसी हातात आली की आधी तीन गोष्टी वाचा. संरक्षण जगभर आहे की ठरावीक देशांपुरतं? विमान कंपनीच्या ताब्यात दिलेलं सामान त्यात धरलं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, भरपाई ‘मान्य किमती’ने होणार की नुकसानीच्या दिवशीच्या बाजारभावाने? मान्य किमतीच्या पॉलिसीत रायफल पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते, वाद उरत नाही. बाजारभावाच्या पॉलिसीत घसारा वजा होतो आणि जुन्या, हाताने घडवलेल्या बंदुकीचा भाव कोणी ठरवायचा यावरच महिने जातात. आमचं मत स्पष्ट आहे : किमती रायफलसाठी मान्य किंमतच घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी लिहिणं हा सर्वात महागात पडणारा प्रकार. बाजारभावाच्या पॉलिसीत ‘सरासरीचं कलम’ असेल तर हिशेब असा होतो : रायफलची खरी किंमत 100 आणि विमा 60चा असेल, तर 30च्या नुकसानीवर फक्त 18 मिळतात. त्यातूनही तुम्ही स्वतः सोसायची रक्कम वजा होते.

दुनळीच्या बाबतीत आणखी एक कलम जरूर पाहा. एकाच रायफलला नळ्यांचे दोन जोड असतील, किंवा रायफल जोडीतली असेल, तर एक भाग गेल्यावर उरलेल्याची किंमतही पडते. ‘जोडी आणि संच’ या कलमात ही घट मोजली जाते की फक्त हरवलेल्या भागाचे पैसे मिळतात, हे लेखी विचारून घ्या. दुरुस्तीनंतर उतरलेल्या किमतीचंही तसंच. मूळ दस्ता, म्हणजे रायफलचा लाकडी भाग, मोडल्यावर नवा बसवला तर रायफल चालेल, पण संग्राहक तिला आधीचा भाव देणार नाही. ही घट सगळ्या पॉलिसी भरून देत नाहीत.

प्रश्न : मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावं? खरेदीची पावती चालत नाही का?

उत्तर : रायफल नवी असेल तर पावती चालते. जुन्या किंवा वारसाने आलेल्या रायफलला जाणकार बंदूककाराचं किंवा लिलावगृहाचं लेखी मूल्यांकन लागतं आणि ते दर तीन वर्षांनी नवं करावं. सोबत दिवसाच्या उजेडात फोटो काढा : दोन्ही बाजू, अनुक्रमांक, नळीच्या मजबुतीच्या चाचणीनंतर तिच्यावर ठोकलेल्या मुद्रा, नक्षीकाम, दस्त्याच्या लाकडाची रेघ आणि जुने ओरखडेसुद्धा. जुने ओरखडे लपवू नका. आधीचं काय आणि नवं काय हे नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरला त्यांच्यावरूनच कळतं. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि ती रायफलवर बसवणारे, सुटे होणारे माउंट वेगळ्या ओळींत, त्यांच्या स्वतःच्या क्रमांकांनिशी नोंदवा. ‘रायफल, स्कोपसह’ एवढंच लिहिलं असेल तर फक्त स्कोप फुटल्यावर वाद ठरलेला.

प्रश्न : विमान कंपनीने रायफल हरवली तर भरपाई तीच देणार ना? मग वेगळा विमा कशाला?

उत्तर : विमान कंपनीची जबाबदारी मर्यादित असते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या 1999च्या माँट्रियल कराराखाली येणाऱ्या प्रवासात सामानासाठी ही मर्यादा 28 डिसेंबर 2024पासून एका प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. ही मर्यादा माणसामागे आहे, पेटीमागे नाही. रायफल, स्कोप आणि कपड्यांची बॅग मिळून तेवढेच. चांगल्या दुनळीचा एक कोपराही त्यात भरून निघत नाही.

करारातच एक वाट आहे : सामान देताना जास्त किमतीची खास घोषणा करायची आणि कंपनी मागेल ते जादा शुल्क भरायचं. मात्र कंपनीचे नियम आधी विचारून ठेवा. काउंटरवर ऐन वेळी ही घोषणा घ्यायला कर्मचारी तयार नसतात. शिवाय मालाच्या स्वतःच्या दोषामुळे झालेलं नुकसान कंपनी भरत नाही. सैल पेटीत हलून मोडलेल्या दस्त्याला ती हेच कारण पुढे करू शकते.

प्रश्न : उतरल्यावर पेटी वरून ठीक दिसली, म्हणून तशीच घेऊन बाहेर पडलो. मुक्कामी पोचल्यावर नेम चुकायला लागला. आता दावा करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण घाई करा. नुकसानीची लेखी तक्रार सामान ताब्यात आल्यापासून 7 दिवसांत विमान कंपनीकडे पोचली पाहिजे. विमा कंपनीची मुदत वेगळी असते आणि कधी त्याहूनही कमी. पुढच्या वेळी पेटी विमानतळावरच, पोलीस किंवा कस्टम्सच्या तपासणीच्या वेळी उघडून बघा आणि सामान कक्षातून बाहेर पडण्याआधी सामानाच्या तक्रारीचा अहवाल लिहून घ्या. तक्रार न करता सामान स्वीकारलं, तर ते चांगल्या स्थितीत मिळालं असंच गृहीत धरलं जातं. ते खोडून काढायचं काम मग तुमच्यावर येतं.

काय तपासायचं? दस्ता सर्वात आधी मनगटापाशी, म्हणजे पकडीच्या बारीक जागी तडकतो. तिथे लाकूड सर्वात कमी असतं आणि पेटी टोकावर आपटली की सगळा झटका तिथेच येतो. बाजूने टॉर्चचा उजेड टाका, मग हलक्या हाताने वाकवून पाहा. केसाएवढी चीर असली तर दाब दिल्यावर ती उघडते. अशी रायफल झाडू नका. एका बारातच चीर पूर्ण फाटते आणि नुकसान गोळीबाराने झालं असं म्हणायला विमा कंपनीला जागा मिळते.

स्कोपचं नुकसान बाहेरून दिसत नाही, म्हणून ते सिद्ध करणं अवघड. त्यासाठी निघण्याआधी 100 मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे दोन गट झाडा, लक्ष्यपत्रावर तारीख आणि स्कोपचा क्रमांक लिहा, फोटो ठेवा. पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याच काडतुसांनी तेच करा. गट आवळलेलाच राहून, म्हणजे गोळ्यांची भोकं जवळजवळच पडून, फक्त सरकला असेल तर आधी माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा, कारण प्रवासात तेही ढिले होतात. स्क्रू घट्ट असूनही गट विस्कटत असेल, किंवा स्कोपवरची नेम जुळवायची चकती फिरवल्यावर मारा अपेक्षेप्रमाणे हलत नसेल, तर आतला भाग बिघडल्याची शक्यता मोठी. दोन्ही लक्ष्यपत्रं दाव्याला जोडा.

प्रश्न : रायफल आलीच नाही. तिथे भाड्याने घेतलेल्या रायफलचे पैसे कोण देणार?

उत्तर : वस्तूचा विमा सहसा देत नाही. वस्तू हरवली किंवा मोडली तरच तो लागू होतो, उशिराला नाही. उशिराबद्दल विमान कंपनीकडे मागणी करा, वर सांगितलेल्या मर्यादेतच. भाड्याची पावती ठेवा आणि सामान मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार द्या. 21 दिवसांत रायफल पोचली नाही तर कराराप्रमाणे ती हरवली असं धरून मागणी करता येते. न्यायालयात जायची मुदत दोन वर्षं आहे. मधल्या काळात विमान कंपनीने ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेला कागद पुढे केला, तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. तुमच्या जागी विमान कंपनीकडून वसुली करण्याचा विमा कंपनीचा हक्क त्या सहीने बुडतो आणि ती तुमचा दावा नाकारू शकते.

बंदूक हरवली की पोलिसांत तक्रारही द्या, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळवा. विमा कंपनी ती प्रत मागतेच.

प्रश्न : कस्टम्सने रायफल अडकवून ठेवली तर?

उत्तर : सरकारी जप्ती जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेली असते. इथे उपयोगी पडतात ते कागद. अमेरिकेतून निघणाऱ्याने निघण्यापूर्वीच कस्टम्सकडून फॉर्म 4457वर रायफलची नोंद करून शिक्का घ्यावा. दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्याने तिथल्या पोलिसांचा एसएपीएस 520 हा अर्ज काळ्या शाईने भरावा, पण सही तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करावी. मधल्या देशात सामान पुन्हा ताब्यात घेऊन द्यावं लागत असेल तर त्या देशाचाही परवाना लागू शकतो. अनुक्रमांक कागदावरून कागदावर उतरवू नका, रायफलवरून वाचा. शून्य आणि ‘ओ’ची अदलाबदल ही नेहमीची चूक.

जुन्या रायफलींच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर, कधी हस्तिदंताचा मणी असतो. सीमेवर तो वन्यजीव कायद्यात सापडतो. निघण्याआधीच बंदूककाराकडून तो बदलून घ्या आणि मूळ मणी घरी जपून ठेवा.

प्रश्न : भाड्याच्या गाडीतून चोरी झाली तर?

उत्तर : पॉलिसीतलं ‘लक्ष नसलेलं वाहन’ हे कलम वाचा. साधारणपणे पेटी कुलूपबंद डिकीत, नजरेआड असावी आणि गाडी फोडल्याच्या खुणा दिसाव्यात अशी अट असते. कित्येक पॉलिसींत रात्रभर गाडीत ठेवलेली बंदूक मुळीच धरली जात नाही. जेवायला थांबलात तरी एकाने गाडीपाशी थांबावं.

प्रश्न : काडतुसांचाही विमा उतरवावा का?

उत्तर : गरज नाही, त्यांची किंमत फार नसते. वजनाकडे मात्र लक्ष द्या : विमानात प्रवाशामागे पॅकिंगसह 5 किलो ही मर्यादा आहे आणि दोघांचा वाटा एका डब्यात एकत्र करता येत नाही.