आठवी-नववीची पोरं अभ्यासिकेत का टिकत नाहीत?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इचलकरंजीची. आम्ही चार मैत्रिणी मिळून वस्तीतल्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी ६ ते ८ अभ्यासिका घेतो, दोन वर्षं झाली. लहान पोरं एवढी येतात की सतरंजी पुरत नाही, पण आठवी-नववीची पोरं पंधरा दिवस येतात आणि गायब. मुलगे चौकात मोबाईल घेऊन बसलेले दिसतात, मुली तर दिसतच नाहीत. आईवडील यंत्रमागावर नाहीतर शिवणकामाला, ते म्हणतात मॅडम सरळ गणित-इंग्रजीची शिकवणी घ्या, खेळ न् गाणी कशाला. काय चुकतंय आमचं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझी सोलापूरची अभ्यासिका आठवली, अगदी हेच व्हायचं. तेव्हा मी एक मोठी चूक केली होती ती आधी सांगते. नववीतला एक मुलगा, त्याला मराठी धडा धड वाचता येत नव्हता, म्हणून मी त्याला तिसरीच्या पोरांच्या गटात बसवलं. हेतू चांगला होता हो, पण दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही, परत कधीच नाही. अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी असाच दुसरा मुलगा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, गुरुवारी लहान्यांना गोष्ट वाचून दाखवायचं काम तुझं. तो बुधवारी पुस्तक घरी न्यायचा आणि रात्री बहिणीसमोर चारचार वेळा वाचायचा, अडलेले शब्द विचारून घ्यायचा, आणि दिवाळीपर्यंत तो न अडखळता वाचायला लागला, तेही कुणी त्याला कच्चा न म्हणता. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की या वयाच्या पोरांना नुसतं शिकायला बोलावू नका, काम द्या, खरं काम. किल्ली त्यांच्याकडे, हजेरी त्यांच्याकडे, कॅरम आणि पुस्तकांचा हिशोब त्यांच्याकडे, शनिवारी काय करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. चुकतील, एखादं पुस्तक हरवेल, हरवू दे.

नागपूरचं स्लम सॉकर बघा. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि २००१ मध्ये त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तिथं खेळलेलीच पोरं पुढे कोच झाली, लहान पोरांसमोर त्यांच्याच गल्लीतला दादा शिट्टी घेऊन उभा. आपल्याकडे हे नवीन नाहीच म्हणा, राष्ट्र सेवा दल १९४१ पासून शाखेत खेळ आणि गाणी घेतंय, त्यांच्या कलापथकातून निळू फुलेंसारखा नट घडला. पालक खेळ न् गाणी कशाला म्हणाले तर हे सांगा, आणि शिकवणीला नाही म्हणू नका, अर्धा तास गणित घ्याच, नाहीतर त्यांचा विश्वास बसणार नाही.

आता मुलींचं. त्या येत नाहीत कारण संध्याकाळी पाणी भरणं, भाकऱ्या आणि धाकटं भावंड त्यांच्या गळ्यात असतं, शिवाय ८ वाजता अंधारातून परत यायचं म्हटलं की घरचे नाही म्हणणारच. वेळ बदला, ५ ते साडेसहा करा. धाकट्याला घेऊन आली तर येऊ दे, बसेल कोपऱ्यात रंग घेऊन. आणि आयांना एकदा अभ्यासिकेतच चहाला बोलवा, नुसता निरोप धाडून आया ऐकत नाहीत, तुम्ही कोण आहात ते डोळ्यांनी बघू द्या त्यांना. एक नियम मात्र पक्का ठेवा, कुणीही मोठं माणूस एकट्या मुलासोबत किंवा मुलीसोबत बंद खोलीत बसणार नाही, दोन मोठी माणसं कायम हजर, तुम्ही स्वतःसुद्धा याला अपवाद नाही.

प्रश्न: लग्नसराईत समाजमंदिर मिळत नाही, मग महिना महिना अभ्यासिका बंद. शाळेची खोली मागता येईल का?

उत्तर: मागा की! आधी मुख्याध्यापकांना भेटा, पण तिथंच थांबू नका, शाळा व्यवस्थापन समितीसमोर अर्ज ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणजे तुमच्या पोरांच्या आयाच त्यात सापडतील. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणते दिवस, किती ते किती, कुलूप कोण लावणार, झाडून कोण घेणार. मुख्याध्यापकांना काळजी असते ती कुलपाची आणि झाडूचीच. आणि अर्ज द्यायला जाताना नववीतली दोन पोरं सोबत न्या, बोलू दे त्यांनाच.