घरगुती मसाल्याची वेबसाइट करून घ्यायची आहे. काम एजन्सीला द्यावं की ओळखीच्या मुलाला?

ताई, तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात घरी कांदा-लसूण आणि इतर असे सात-आठ प्रकारचे मसाले करता, आजवर ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतल्या, आता स्वतःची वेबसाइट हवी आहे. पुण्याच्या एका एजन्सीने ६५ हजार सांगितलेत, भाच्याचा मित्र १५ हजारांत करतो म्हणतो. मी आणि माझी जाऊ कुडाळजवळ कोकम आगळ, आमसुलं आणि कुळीथ पीठ विकतो. आमची साइट सहा वर्षं चालू आहे. या काळात तीन माणसांकडून काम करून घेतलं, म्हणून सविस्तर लिहिते.

१५ की ६५ हे मागाहून बघू. काम कुणालाही द्या, पण डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव), होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) ही तिन्ही खाती तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर उघडा. समोरचा म्हणेल, 'मॅडम, ते सगळं आम्ही बघतो.' तिथे नाही म्हणायचं. डोमेन घ्यायला अर्धा तास लागतो, घरातलं कुणी कॉलेजला जाणारं शेजारी बसलं तर तुम्हीच कराल.

आमची साइट करणाऱ्या पहिल्या मुलाने डोमेन त्याच्या ईमेलवरून घेतलं होतं. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, त्याला ते सोपं वाटलं एवढंच. दोन वर्षांनी त्याला बंगळुरात नोकरी लागली. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर जात राहिल्या आणि ऐन एप्रिलमध्ये आमची साइट बंद पडली. उन्हाळा लागला की मुंबई-पुण्याची माणसं सोलकढी-सरबतासाठी आगळ मागवतात. आमच्या वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा उन्हाळ्याच्या दोन महिन्यांतच होतो. डोमेन सोडवायला नऊ दिवस गेले, कारण कागदोपत्री मालक तो होता. नावाची मुदत संपल्यावरही काही दिवस ते परत घेता येतं, म्हणून नाव वाचलं. पण खात्यात शिरू शकणारा तो एकटाच, आणि तो फोन उचलेपर्यंत आम्ही हात बांधून बसलो होतो.

दुसरा फटका पैशांचा होता आणि तो कळायलाच वेळ लागला. डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन आला, 'पैसे गेले, आगळ कुठे आहे?' आमच्याकडे तर त्यांची ऑर्डर 'रद्द' दिसत होती. मग गेटवेच्या हिशेबाशी ताडून पाहिलं तेव्हा दोन महिन्यांत अशा १९ ऑर्डरी निघाल्या. झालं होतं ते असं. गिऱ्हाईक यूपीआय ॲपमध्ये पैसे भरतं आणि परत आपल्या पानावर न येता फोन ठेवून देतं. अशा वेळी 'पैसे आले' हा निरोप गेटवे थेट आपल्या साइटला पाठवतं. त्या सोयीला वेबहुक म्हणतात आणि ती आमच्याकडे जोडलेलीच नव्हती. आमची साइट वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान मांडायच्या एका तयार व्यवस्थेवर आहे. त्यात साठ्याची नोंद ठेवायची सोय चालू असेल, तर पैसे न भरलेली ऑर्डर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी आपोआप रद्द होते. म्हणजे पैसे बँकेत आणि ऑर्डर रद्द. त्या १९ जणांना फोन केले, दोघांना पैसे परत केले, बाकीच्यांना माल पाठवला. कुणीही साइट 'तयार आहे' म्हणाला की दहा रुपयांची एक वस्तू टाकायला लावा, स्वतःच्या फोनवरून पैसे भरा आणि पैसे गेल्यावर ब्राउझर मुद्दाम बंद करा. ऑर्डर तरीही 'पैसे मिळाले' अशी दिसली पाहिजे. त्याआधी शेवटचा हप्ता देऊ नका.

हा घोळ रत्नागिरीच्या एका मुलीने दोन तासांत शोधून काढला. आज आमचं काम तीच बघते. तिला निवडताना आम्ही आधी एक छोटं काम पैसे देऊन करून घेतलं: बाटल्यांच्या वजनाप्रमाणे कुरिअरचे दर लावायचे. दर सांगायच्या आधी तिने विचारलं, बाटली काचेची की प्लास्टिकची, फुटली तर कोण भरतं, खोक्याचं माप काय? कुरिअरवाले खोक्याच्या आकारमानावरूनही वजन धरतात, हे तिला माहीत होतं. तुमचा धंदा समजून घेणारे प्रश्न न विचारता जो पहिल्याच फोनवर आकडा सांगतो, त्याच्याबाबत मी सावध राहीन.

आता कागदाचं. बाहेरच्या माणसाने तुमच्यासाठी लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क लेखी आणि त्याच्या सहीनेच हस्तांतरित होतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'या कामाचे सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी' हे शब्द करारात हवेतच. साधं एक पान चालतं. त्यातच तीन हप्ते लिहा: सुरुवातीला एक, चाचणीनंतर दुसरा आणि साइट चालू होऊन पंधरा दिवसांनी तिसरा.

पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. काम करणाऱ्याला वेगळं लॉगिन काढून द्या आणि काम संपलं की बंद करा. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. विकतचं प्लगइन (साइटला जादा सोय जोडणारा तयार प्रोग्राम) लागलं तर त्याची पावती तुमच्या नावावर मागा. स्वस्तात काम करणारे काही जण चोरीचे प्लगइन टाकतात. त्यांतून साइटमध्ये नको ते घुसतं आणि अपडेटही मिळत नाहीत.

तुम्ही सात-आठ प्रकारचे मसाले विकता, तेवढ्यासाठी ६५ हजारांची साइट मला जास्त वाटते. भाच्याच्या मित्राला द्यायला हरकत नाही, पण त्याने वूकॉमर्स किंवा शॉपिफाय अशा रुळलेल्या व्यवस्थेवरच करावं. 'मी सगळं शून्यापासून लिहितो' म्हणाला तर नको. उद्या तो नसला तर दुसऱ्या कुणाला ते उलगडणार नाही. आणि ओळखीतला आहे म्हणून करार टाळू नका, ओळखीत तर तो आधी हवा.

दोघांकडून पुन्हा दर मागवा आणि सोबत ही माहिती पाठवा: प्रत्येक पाकिटाचं पॅकिंगसकट वजन, माल कोणत्या पिनकोडांना जातो, कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची की नाही, रोजचा बॅकअप कुठे साठवायचा. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, चौदा आकडी नंबर साइटवर दिसला पाहिजे, तेही सांगा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तुमच्या व्यवसायाचं नाव, पत्ता, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. आमच्याकडे ते नाव माझ्या जावेचं आहे. तुम्ही तुमचं घाला.