प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर आणि निधी मिळवण्यासाठी राज्य पातळीवर पाठपुरावा कसा करावा?

आधी कुणाच्या दारात जायचं ते ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

इमारत किंवा रुग्णवाहिकेचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून मिळू शकतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. वैद्यकीय अधिकाऱ्याचं नियमित रिकामं पद भरणं मात्र राज्याच्याच हातात, म्हणून तिथे आमदारच गाठा. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी त्यांना तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) मसुदा लिहूनच द्या: मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिकामी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. मोघम निवेदनाला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं, आकड्यांना टाळता येत नाही.

महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याचं, काम झालंय. त्यातल्या जनसुनावण्यांत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर बसून औषधांचा तुटवडा, बाहेरून आणायला लावलेली औषधं मांडली आणि बऱ्याच ठिकाणी फरक पडला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं म्हटलंय. आमदारांशी बोलताना हे जरूर काढा.