पिंपळगाव, पण कोणतं?

तुम्ही विचारलंय, जगात एकाच नावाची इतकी गावं आणि इतकी माणसं का असतात, माणसाला नवी नावं सुचत नाहीत का?

सुचतात की. पण नाव ठेवणारा माणूस जगासाठी नाव ठेवत नाही, आपल्या पंचक्रोशीसाठी ठेवतो. तेवढ्या टापूत ते एकटं असलं की त्याचं काम भागतं. दोन सारखी नावं एकमेकांसमोर येतात ती पुढे कधीतरी, मधून टपाल किंवा रेल्वे जायला लागली म्हणजे. मी हे ठामपणे सांगतोय, कारण ही सारखी नावं निवडून वेगळी करण्यातच माझी सगळी नोकरी गेली. मी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर होतो. बरीच वर्षं भुसावळच्या बाजूला काढली. रात्रीच्या गाडीचा डाक डबा, समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा आणि पत्र त्या त्या खणात टाकायचं.

आमच्या हाताला सगळ्यात जास्त छळणारं नाव होतं पिंपळगाव. एकट्या नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब, पिंपळगाव मोर, पिंपळगाव वाखारी, पिंपळगाव लेप. पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वर, भोकरदनला पिंपळगाव रेणुकाई, नगरजवळ पिंपळगाव माळवी, जुन्नरला पिंपळगाव जोगा. बुलढाण्यात पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे. ही फक्त मला या क्षणी आठवलेली. लिहिणारा मात्र बिनधास्त 'मु. पो. पिंपळगाव' एवढंच लिहून मोकळा व्हायचा. त्याच्या मनात एकच पिंपळगाव असायचं, त्याच्या आईचं.

एक पोस्टकार्ड मी विसरलेलो नाही. नोकरीची पहिली एक-दोन वर्षं असतील. कार्ड सुरतेहून आलेलं, मुलानं आईला लिहिलेलं. पत्ता, 'मु. पो. पिंपळगाव, जळगाव.' बस्स. माझ्या हातात आलं तेव्हा ते आधीच फिरून आलं होतं. त्यावर दोन पोस्टांचे शिक्के होते आणि पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'या नावाचे गावात कोणी नाही.' मी ते पुन्हा जळगाव जिल्ह्याच्याच खणात टाकायला निघालो होतो. शेजारचे आमचे जुने सॉर्टर म्हणाले, "थांब, आण इकडे." त्यांनी कार्ड उलटं केलं, मजकुरावरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुलानं लिहिलं होतं की नांदुऱ्याच्या बाजाराला जाल तेव्हा अमक्याची गाठ घ्या. "जळगाव खानदेशचा माणूस नांदुऱ्याच्या बाजाराला कशाला जाईल? हे जळगाव जामोद. आणि पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव काळे."

एका पत्त्यात दोन नावं आणि दोन्ही दुहेरी. जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्यातला तालुका, त्याला जवळचं स्टेशन नांदुरा. खानदेशातलं जळगाव मोठं, जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून नुसतं 'जळगाव' म्हटलं की सगळं टपाल तिकडे ओढलं जायचं. धाकट्या जळगावला ओळखीसाठी शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडून घ्यावं लागलं. ते कार्ड त्या माउलीला पोचलं की नाही, ते सॉर्टरला कधीच कळत नसतं. पण त्या रात्रीपासून पोस्टकार्डाचा पत्ता अपुरा असला की मी मजकुराकडे नजर टाकायला लागलो. कोणाचं खासगी वाचायची हौस म्हणून नव्हे. त्यातला एखादा बाजार, एखादी नदी, एखादी जत्रा गाव सांगून जायची.

आता पिंपळगावंच इतकी का? कारण गाव बसलं तेव्हा तिथे पिंपळ होता. वडगाव, निमगाव, बोरगाव, बाभुळगाव, सावरगाव, हिवरे, चिंचोली, आंबेगाव ही सगळी त्याच कुळातली. माणसाला सावली आणि पाणी दिसलं, तो तिथे थांबला, आणि जे झाड डोळ्यासमोर होतं त्याचं नाव त्यानं गावाला दिलं. महाराष्ट्रभर झाडं तीच, तेव्हा नावंही तीच. ही चोरी नाही आणि आळसही नाही. निमगाव केतकीच्या मूळ पुरुषाला निमगाव जाळीचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं.

मग एकाच भागातल्या दोन निमगावांचा घोळ व्हायला लागला की लोक आपोआप काहीतरी शेपूट जोडत. देवाचं, वतनदाराचं, आडनावाचं, शेजारच्या मोठ्या गावाचं. आणि एकाच गावाचे दोन भाग झाले तर बुद्रुक आणि खुर्द. हे शब्द फारसीतून आलेत. 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, त्याचं आपण बुद्रुक केलं. खुर्द म्हणजे लहान. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द आजही लागून लागून आहेत. आज खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा वाढलेली असेल, तरी नावातलं थोरलं-धाकटं जिथल्या तिथे राहतं. पिंपरी-चिंचवडकडे पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख अशी तीन पिंपळे आहेत. तिथले लोक तर 'पिंपळे' म्हणतच नाहीत, नुसतं सौदागर नाहीतर निलख म्हणतात. मूळ नाव गळून पडलं आणि शेपूटच नाव झालं.

हा गोंधळ देशभराचा होता आणि त्यावरचा उपाय एका मराठी माणसानं काढला, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो. श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणातले, डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारखी गावनावं, चुकीचे पत्ते आणि प्रत्येक प्रांताची वेगळी लिपी या तिन्हींवर तोडगा म्हणून त्यांनी सहा आकडी पिनकोड बसवला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट. जळगाव ४२५००१ आणि जळगाव जामोद ४४३४०२. बघा, दुसऱ्याच आकड्याला रस्ते फुटले. हिमाचलातलं बिलासपूर १७४००१, छत्तीसगडमधलं ४९५००१. हमीरपूर उत्तर प्रदेशातही आहे आणि हिमाचलातही, प्रतापगड उत्तर प्रदेशात आणि राजस्थानातही, आणि हे सगळे जिल्हे आहेत, वाड्यावस्त्या नव्हेत. ज्याला देवनागरी येत नाही अशा सॉर्टरलाही आकडे वाचता येत होते. लोकांना पिन लिहायची सवय लागायला मात्र फार वर्षं गेली.

आतापर्यंत सांगितलं ते एकमेकांना न ओळखणाऱ्या गावांचं. दुसरी जात याच्या अगदी उलट आहे. नाव ठेवणाऱ्याला ते नाव आधीपासून चांगलं ठाऊक असतं, आणि म्हणूनच तो ते ठेवतो.

ऑस्ट्रेलियातलं सिडनी सगळ्यांना माहीत आहे. कॅनडात नोव्हा स्कोशियामध्येही एक सिडनी आहे. कॅनडातलं १७८५ साली वसलं, ऑस्ट्रेलियातलं १७८८ साली. दोघांना नाव दिलं एकाच माणसाचं, त्या वेळचे इंग्लंडचे गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांचं. दोन टोकांना दोन अधिकारी बसलेले आणि दोघांना एकाच साहेबाचा मान राखायचा होता. त्याची फळं लोक अजून भोगतात. २०१७ साली नेदरलँड्समधला अठरा वर्षांचा एक मुलगा स्वस्त तिकीट मिळालं म्हणून ऑस्ट्रेलियाला निघाला. टोरंटोला विमान बदलताना पुढचं विमान फारच लहान दिसलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपलं सिडनी हे नव्हे. अंगात पातळ जाकीट आणि उतरला तो बर्फात. बातमी वाचली तेव्हा मला त्याचं हसू आलं नाही. त्याच्या जागी मला ते सुरतेचं पोस्टकार्डच दिसलं.

कॅनडातच एक लंडन आहे, ऑन्टारियो प्रांतात. ते टेम्स नदीवर आहे. तिथल्या इंग्रज गव्हर्नरानं १७९३ साली गावाची जागा ठरवली तेव्हा नदीलाही घरचंच नाव दिलं होतं. एवढ्या लांब आलेल्या माणसाला आपली नदीसुद्धा सोबत हवीशी वाटली, हे मला फार समजण्यासारखं वाटतं.

आणि आपल्याकडची नावंही अशी दूर गेली आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव आहे. १८६३ मध्ये वसाहत करायला आलेली इंग्रज माणसं ज्या जहाजातून उतरली त्या जहाजाचं नाव 'बॉम्बे' होतं, तेच गावाला पडलं. आपल्या शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झालं, तिथलं बॉम्बे आहे तसंच आहे. तिथल्या टेकड्यांना बॉम्बे हिल्स म्हणतात, आणि ऑकलंड कुठे संपतं हे सांगायला तिथले लोक त्याच टेकड्यांकडे बोट दाखवतात. वेलिंग्टन शहरात तर खंडाला नावाचं उपनगर आहे. भारतात नोकरी करून गेलेल्या एका इंग्रज कॅप्टननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या घराला ते नाव दिलं. तिथल्या रस्त्यांची नावं दिल्ली, आग्रा, सिमला, गंगा अशी आहेत. आपल्याकडे बोरघाटातलं खंडाळा वेगळं आणि साताऱ्याच्या वाटेवरचं, खंबाटकी घाटाजवळचं खंडाळा वेगळं, हे तुम्हाला माहीत असेलच.

तिसरी जात निव्वळ योगायोगाची. तमिळनाडूतलं सेलम हे तमिळ मुलखातलं जुनं नाव, तर अमेरिकेतलं सेलम बायबलमधून आलेलं, शांती या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जोडलेलं. इंग्रजी स्पेलिंग एक झालं म्हणून ती जुळी दिसतात. आपलं नांदेडचं कंधार आणि अफगाणिस्तानचं कंदहार ऐकायला तितकीच जवळची.

माणसांच्या नावांकडे येतो. तिथेही न कळत आणि जाणूनबुजून हे दोन प्रकार आहेतच, पण आपल्याकडे जाणूनबुजूनचा जोर जास्त. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत घ्या. रामचंद्र गणेश, त्याचा मुलगा गणेश रामचंद्र, त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र गणेश. आडनाव तेच, तेव्हा एक पिढी सोडून पूर्ण नाव अक्षरशः तेच. पेशव्यांमध्ये बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. संभाजी महाराजांचे पुत्र छत्रपती शाहू यांचं मूळ नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलेलं. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, आणि मुलाचंही संभाजी. माझंही पूर्ण नाव माझ्या आजोबांचंच आहे. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव लावताना 'ही व्यक्ती हयात आहे की मयत' या प्रश्नावर माझे कितीतरी महिने गेले, दोन प्रतिज्ञापत्रं करावी लागली. तरीही नाव बदलावं असं मला कधी वाटलं नाही. आजी मला हाक मारायची नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. ती 'बाळ' म्हणायची, अगदी माझी मिसरूड फुटल्यावरसुद्धा.

वाङ्मयात या सारखेपणानं मोठाच गुंता केला आहे. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेले, ज्यांनी ओवीत महाभारत रचलं. दोघांच्याही नाममुद्रेत, म्हणजे रचनेत गुंफलेल्या कवीच्या नावात, 'नामा'. गाथेची बाडं उतरवणाऱ्यांनी एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावाखाली घातले, आणि ते वेगळे करताना अभ्यासक अजून भाषा, शब्द, संदर्भ तपासत बसतात. माझे ते जुने सॉर्टर नांदुऱ्याचा बाजार शोधत होते तसेच. बहिणाबाईही दोन, एक तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या, दुसऱ्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी, १८८० ते १९५१. त्यांच्यात एवढी गफलत होत नाही, कारण भाषा ऐकली की लगेच कळतं.

शेवटी आडनावाचं. गावाला 'कर' लावून आपण आडनाव करतो, पण पेणमध्ये राहणाऱ्याला पेणमध्ये पेणकर कोण म्हणणार? सगळेच तिथले. गाव सोडून दुसरीकडे गेलं की मग लोक पेणकर म्हणायला लागतात. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांची आडनावं अशीच आहेत, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्रायलला गेले, आणि आज दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत ही आडनावं सापडतात. त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते नवगाव अलिबागजवळचं, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगाव म्हणजे नवं गाव, आणि अशी नवगावं महाराष्ट्रात किती असतील याची गणती नाही. त्यामुळे नवगावकर नावाचं कोणी भेटलं तर मी अजूनही आधी तालुका विचारतो.